गनीम, फितूर आणि प्रतिपक्ष : लढाईच्या शब्दांचा इतिहास

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत निवडणुका लागल्या की कानांवर काय काय पडतं बघा : आघाडी, मोर्चेबांधणी, बालेकिल्ला, मोहीम, चढाई आणि शेवटी जनतेचा कौल. यातले बहुतेक शब्द छावणीतून आलेले आहेत. येताना त्यांनी काय बरोबर आणलं आणि काय मागे ठेवलं, ते आज आम्ही मांडणार आहोत.

या शब्दांना आपली भूमी साक्षी आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणं घेतलं. तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई पडली.

त्या काळात समोरच्याला म्हणत 'गनीम'. शब्द अरबी, नातं लुटीशी. गंमत अशी, की मोगलांचे फारसी इतिहासकार मराठ्यांना गनीम म्हणत आणि आपल्या बखरींत गनीम म्हणजे मराठ्यांचा शत्रू. गनीम कोण, हे बोलणारा कुठं उभा आहे त्यावर ठरायचं. आज तर 'गनिमी कावा' आपण अभिमानानं उच्चारतो!

'मोर्चा' म्हणजे वेढा घालणाऱ्यांनी किल्ल्यासमोर उभारलेली तटबंदी, तोफांची जागा. आज मोर्चा चालत कचेरीवर जातो. जुना अर्थ 'मोर्चेबांधणी'त तेवढा उरला. 'फितूर' हा शब्द मुळात अरबी, अर्थ ढिलेपणा. मराठीत मात्र तो शत्रूला आतून मिळालेला माणूस झाला आणि आता कोर्टातला साक्षीदारही फितूर होतो. राज्याभिषेकानंतर महाराजांच्या आज्ञेनं राज्यव्यवहारकोश रचला गेला. फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले, शस्त्रं, सैन्य, दुर्ग यांचे वेगळे वर्गही केले. तरी मोहीम, मोर्चा, तह हे शब्द लोकांच्या जिभेवरून गेले नाहीत.

आता मुद्द्याकडे येऊ. लढाईच्या या भाषेत शत्रुत्व संपवणारे शब्दही होते : तह, कौल, अभय. वसईच्या तहात पोर्तुगिजांना कुटुंबकबिल्यासह, सामानासह बाहेर पडण्याची मुभा दिली होती. इतक्या रक्तपातानंतरही! 'कौल' म्हणजे दिलेला शब्द. धामधुमीत गाव सोडून गेलेल्या रयतेला सरकार कौल देई : परत या, जमिनी कसा, उपद्रव होणार नाही. आज कौल रयत देते आणि सत्ताधारी घेतात. शब्दाची दिशा उलटली, हा लोकशाहीचा केवढा मोठा इतिहास एका शब्दात आहे!

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून आणखी एक जोडतो. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडून काढणं ती वितंडा. आपल्या शास्त्रग्रंथांची रीतही पाहा. आधी 'पूर्वपक्ष', म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचं. मगच आपला 'सिद्धान्त'. समोरचा इथं प्रतिपक्षी आहे. त्याच्यावाचून आपला विचारही पुरा होत नाही. 'रिपू' हा शब्द तर परंपरेनं काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या आतल्या सहांसाठी राखला, षड्रिपू म्हणून.

म्हणजे मराठीत दोन वेगळ्या जागा आहेत. शत्रूला हरवायचं असतं, प्रतिपक्षाला ऐकायचं असतं. राजकारणानं मोर्चा घेतला, बालेकिल्ला घेतला, पण तह आणि अभय मागेच राहिले. मग शेजारच्या इमारतीतला, रोज त्याच लोकलला लोंबकळणारा माणूस केवळ दुसऱ्या पक्षाचा म्हणून 'गद्दार' आणि 'शत्रू' ठरतो. मतमोजणी संपते, तो शब्द मात्र सोसायटीच्या जिन्यात तसाच राहतो. कारण तो परत घेण्याची रीतच आपण उचलली नाही.

तेव्हा मंडळी, 'विरोधक' हा साधा, पुरेसा शब्द आपल्याजवळ आहे. तो वापरू या. आता आपले प्रश्न घेऊ. आणि ज्यांना आमचं म्हणणं पटलं नाही, त्यांनी आधी विचारावं.