फिटरांनी राखलेली विमानं

जुनी लढाऊ विमानं छंदिष्टांनी वाचवली, असं सगळे म्हणतात. माझं मत वेगळं आहे. भिलाईच्या स्टील मेल्टिंग शॉपमध्ये माझा जन्म गेला, तेव्हा भंगारातलं मला थोडंफार कळतं. वस्तू वाचते ती कोणाच्या तरी गरजेमुळे. हौस मागाहून येते.

बी-२४ लिबरेटर हे अमेरिकी बॉम्बर विमान घ्या. दुसऱ्या महायुद्धात अशी अठरा हजारांहून जास्त बनली. आज धड उभी असलेली बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतली निदान सहा भारतातून वाचलेली आहेत.

ती कशी वाचली, ते ऐकण्यासारखं आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर कानपूरला आणून टाकली. अमेरिकेकडून उसनी घेतलेली ही विमानं कराराप्रमाणे परत तरी द्यायची, नाहीतर निकामी करायची होती. मग इंजिनांत वाळू ओतली, यंत्रं फोडली, पत्रे चेपले. माझ्या मते तिथेच त्यांची गोष्ट संपायला हवी होती. पण नव्या भारताला बॉम्बर हवे होते आणि नवे घ्यायला पैसे नव्हते. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यात हिंडून बरी विमानं निवडली. याचा भाग काढून त्याला लावला, जेमतेम उडतील इतकी नीट केली आणि बंगळूरला नेली. चाळीसच्या आसपास विमानं अशी उठली. विमान उडवून नेणारे त्यांचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांचं नाव खरं तर शाळेच्या पुस्तकात हवं. १९४८च्या अखेरीस ही विमानं हवाई दलात दाखल झाली.

पुण्याला लोहगावच्या ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये माझे वडील इंजिन फिटर होते. समुद्रावर टेहळणी करायचं काम या विमानांकडे असे. चार इंजिनं, प्रत्येकाला चौदा सिलिंडर, सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानाचे एकशे बारा प्लग! बाबा हा हिशेब आम्हाला पाढ्यासारखा म्हणून दाखवत. सुट्या भागांची बोंब कायमचीच, कारण उत्पादन केव्हाच बंद झालेलं. एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावायची कानपूरची रीत शेवटपर्यंत चालली. १९६८ संपताना ही विमानं सेवेतून गेली. पुढे बाबा भिलाईला आले, कॅम्प-१मध्ये घर झालं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत त्या विमानांचा एक बाद प्लग आणि तेलकट वही अजून आहे. शेजारी विचारतात, विकत का नाही? वजन किती भरणार त्याचं!

भारताने विमानं काढली तेव्हाच परदेशात संग्रहालयांना त्यांची किंमत कळली होती. १९६९मध्ये एक ॲरिझोनात टक्सनला गेलं. १९७४मध्ये एक लंडनच्या हवाई दल संग्रहालयासाठी इंग्लंडला उडून गेलं. आणखी एक ब्रिटनमार्गे अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचलं आणि डागडुजी होऊन १९८९मध्ये पुन्हा आकाशात चढलं. हे लोक खरंच वेडे आहेत, चांगल्या अर्थाने. रिव्हेट न् रिव्हेट तपासतात, हरवलेला एखादा गेज देशोदेशी हुडकतात. त्यांच्या कष्टांना मी नावं ठेवणार नाही.

मला खुपतो तो रंग. कॉलिंग्जच्या विमानावर आधी ‘ऑल अमेरिकन’, नंतर ‘विचक्राफ्ट’ असं नाव आलं. हे विमान महायुद्धात ब्रिटिशांकडे अतिपूर्वेत होतं आणि नंतर कितीतरी वर्षं भारतीय चक्र घेऊन उडलं. टक्सनच्या विमानावरही अमेरिकी नाव आहे. युद्धाची दोन-तीन वर्षं रंगवायची आणि ज्या वीस वर्षांनी विमान जिवंत ठेवलं ती पुसायची, हा कुठला इतिहास? छंदिष्टाला लढाई आवडते, देखभाल नाही.

भारतीय रंगातलं लिबरेटर पाहायचं तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जावं लागतं. तिथेच ब्रिटिश रचनेचं एक लायसँडर विमान आहे. ते कॅनडाने भारताच्या एका लिबरेटरच्या बदल्यात दिलं. बाबांना हा सौदा कधीच पटला नाही. चार इंजिनं देऊन एक घेतलं, म्हणायचे, आणि तेही ब्रिस्टलचं, ज्याचे प्लग आपल्याकडे नाहीत.