लिनक्स बूट लॉग

लिनक्स बूट लॉग म्हणजे लिनक्स ही संचालन प्रणाली सुरू होत असताना कर्नेल आणि विविध सेवांनी केलेल्या कालानुक्रमिक नोंदी होत. प्रणाली सुरू होण्यात अडथळा आल्यास त्याचे कारण शोधण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

नोंदींचे स्रोत

कर्नेलचे संदेश मेमरीतील ठरावीक आकाराच्या साठ्यात जमा होतात. साठा भरला की जुन्या संदेशांची जागा नवे संदेश घेतात. हे संदेश 'डीमेसेज' या आज्ञेने वाचता येतात. सेवांच्या नोंदींसाठी १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी विकसित केलेली सिसलॉग पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिस्टमडी या प्रकल्पाचा 'जर्नल' हा घटक कर्नेल व सेवा या दोहोंच्या नोंदी एकत्र ठेवतो.

नोंदींचे जतन

जर्नलची साठवण 'ऑटो' या स्थितीत असल्यास आणि '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी अस्तित्वात नसल्यास नोंदी केवळ मेमरीत राहतात. संगणक पुन्हा सुरू करताच त्या नष्ट होतात व बिघाडाचा पुरावा उरत नाही. साठवण 'पर्सिस्टंट' केल्यास नोंदी डिस्कवर टिकतात.

तपासणी

'जर्नलसीटीएल' या आज्ञेला '-बी' पर्याय दिल्यास चालू बूटच्या, तर '-बी -१' दिल्यास त्याआधीच्या बूटच्या नोंदी दिसतात. '-पी ३' या पर्यायाने फक्त त्रुटी व त्याहून गंभीर नोंदी निवडता येतात. प्रणाली मुळीच सुरू होत नसल्यास लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू करून डिस्कवरील जर्नल वाचता येते.

अनेकदा शेवटची त्रुटी हा परिणाम असतो. मूळ कारण त्याआधीच्या नोंदींत सापडते. उदाहरणार्थ, काढून टाकलेल्या डिस्कचा उल्लेख 'एफएसटॅब' फाइलमध्ये राहिल्यास सिस्टमडी त्या डिस्कची सामान्यतः ९० सेकंद वाट पाहते. त्यानंतर त्या डिस्कवर अवलंबून असलेली कामे अयशस्वी ठरतात आणि प्रणाली आपत्कालीन अवस्थेत जाते. पडद्यावर आपत्कालीन अवस्थेचा संदेश दिसतो. दोष मात्र एफएसटॅबमधील एका ओळीत असतो. ती ओळ काढून टाकणे किंवा तिला 'नोफेल' पर्याय जोडणे हा त्यावरील उपाय होय.

मर्यादा

बूटलोडरच्या टप्प्यावरच बिघाड झाल्यास कर्नेल सुरू होत नाही. त्यामुळे त्याची नोंदही होत नाही. मुख्य फाइलप्रणाली जोडली जाण्यापूर्वी बूट थांबल्यास नोंदी डिस्कपर्यंत पोहोचत नाहीत. अशा वेळी ग्रबमधील कर्नेलच्या ओळीतून 'क्वाएट' हा शब्द काढल्यास अधिक संदेश थेट पडद्यावर दिसतात.