भूमिकाखेळ, नगराधारित

भूमिकाखेळ, नगराधारित : काल्पनिक गावात किंवा शहरात अनेक खेळाडूंनी एकेका पात्राचे आयुष्य संगणकजालावरून, परस्परांच्या साथीने जगण्याचा खेळ. बहुतेक प्रकारांत हारजीत नसते, ठरलेला शेवट नसतो आणि संहिताही नसते. खेळाडू सराफ, रिक्षावाला, फौजदार, परिचारिका, भुरटा चोर असे काहीतरी होतो आणि गावातल्या इतरांशी त्या नात्याने वागतो. कथा कोणी एक जण रचत नाही. वागण्यातून ती साचत जाते. खेळणारे याला नुसते ‘आरपी’ म्हणतात. ‘भूमिकाखेळ’ हा शब्द या नोंदीपुरता घेतला आहे. खेळणाऱ्यांच्या तोंडी तो ऐकू येत नाही.

संज्ञा : पात्र म्हणून बोलणे ते ‘आयसी’, माणूस म्हणून बोलणे ते ‘ओओसी’. खेळाडूला बाहेरून कळलेली गोष्ट पात्राच्या तोंडी घालणे म्हणजे ‘मेटागेमिंग’. समोरच्याला काही करायला वावच न ठेवता त्याच्यावर कृती लादणे म्हणजे ‘पॉवरगेमिंग’. पात्राला न शोभणारे वागणे ‘फेल आरपी’ ठरते. प्रवेश मिळालेल्यांच्या यादीला ‘व्हाइटलिस्ट’ म्हणतात. ‘अवतार’ हा शब्द पडद्यावरच्या आकृतीसाठी रूढ झाला तो ‘हॅबिटॅट’ (१९८६) या लुकासफिल्मच्या खेळामुळे. आपल्याकडून गेलेला शब्द ‘अव्हतार’ असा उच्चार घेऊन परत आला आणि मराठी मुलेही आता तसाच उच्चारतात.

उगम : या खेळांची वंशावळ सहसा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन) या बैठ्या खेळापासून सांगितली जाते. मात्र गाव हा घटक त्याआधीचा आहे. अमेरिकेतील मिनिॲपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत युद्धखेळ खेळणाऱ्यांचा एक गट होता. त्यातल्या डेव्हिड वेझलीने १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ नावाचे काल्पनिक जर्मन गाव मांडले. काळ नेपोलियनचा, गावाच्या दोन बाजूंनी दोन फौजा चाललेल्या. नेहमीच्या रिवाजाने दोन सेनापती पुरेसे होते. पण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त, सुमारे वीस जण आले. एवढ्यांना बसवून कसे ठेवायचे, म्हणून वेझलीने भूमिका वाटल्या : एकाला नगराध्यक्ष केले, एकाला सावकार, एकाला विद्यापीठाचा प्रमुख. फौजा गावापर्यंत पोहोचण्याआधीच माणसे कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन आपापली खलबते करू लागली. पटावरच्या चाली बाजूला राहिल्या, कोणाची पाळी कोणाला कळेना. खेळ फसला असे वेझलीला वाटले. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा मांडायचा आग्रह धरला. पुढच्या एका डावात आर्नेसन खोटे ओळखपत्र खिशात घालून आला आणि निव्वळ थापांवर डाव मारून गेला, असे सांगतात. पुढे आर्नेसनने ‘ब्लॅकमूर’ (१९७१) मांडले आणि त्यातून १९७४ चा छापील खेळ निघाला. म्हणजे या परंपरेच्या मुळाशी राक्षस किंवा तळघरे नसून गावातली माणसे आहेत, आणि तीही जास्त झालेली गर्दी सांभाळण्यासाठी काढलेल्या तोडग्यातून आलेली.

मजकुरी नगरे : १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने, आणि लगेच त्याच्या जोडीने रिचर्ड बार्टलने, ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा मजकुरी खेळ लिहिला. चित्र नाही, रस्ता, खोली, वस्तू सगळे वाक्यांत. जिम ॲस्पनीझच्या ‘टायनीमड’मध्ये (१९८९, कार्नेगी मेलन विद्यापीठ) मारामारी आणि गुण बाजूला पडले आणि बोलणे-बांधणे हेच मुख्य झाले. पॅव्हेल कर्टिसचे ‘लॅम्डामू’ (१९९०, झेरॉक्सचे पालो आल्टो संशोधन केंद्र) हे त्याच्या स्वतःच्या घराच्या आराखड्यावर उभे राहिले. नवखा माणूस त्यात उगवतो तो कोट टांगायच्या कपाटात. कपाटाचे दार स्वतःच उघडून बाहेर यायचे.

सचित्र नगरे : ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७), ‘सेकंड लाइफ’ (२००३). आजच्या भारतीय तरुणाला आरपी म्हटल्यावर आठवते ते ‘जीटीए फाइव्ह’मधील (२०१३) लॉस सँटोस, म्हणजे लॉस एंजेलिसवर बेतलेले काल्पनिक शहर. मूळ खेळ गुन्हेगारीचा. ‘फाइव्हएम’ या बाहेरच्या मंडळींनी बनवलेल्या जोडणीने त्यावर स्वतंत्र सर्व्हर चालवता येऊ लागले, आणि त्यांत लोक पोलीस, वकील, गॅरेजवाले होऊन राहू लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ कंपनी रॉकस्टारने ही जोडणी बनवणारी चमूच आपल्यात घेतली.

प्रवेश : गंभीर म्हणवणाऱ्या सर्व्हरवर कोणीही उठून शिरू शकत नाही. आधी अर्ज भरावा लागतो. त्यात पात्राचे नाव, वय, धंदा, पूर्वायुष्य, स्वभाव आणि उणीव विचारलेली असते. शेवटच्या रकान्यावर बरेच अर्ज अडतात. नवख्याचे पात्र बहुधा देखणे, अनाथ, बंदुकीत तरबेज आणि सूडाने पेटलेले असते. त्याला उणीव नसते, आणि असलीच तर ‘फार लवकर विश्वास ठेवतो’ ही. असे पात्र इतरांच्या उपयोगाचे नसते, कारण त्याच्याकडे कोणाचे काही काम अडत नाही. याउलट, गिरणी बंद पडल्यावर चहाची गाडी लावलेला, एका कानाने कमी ऐकणारा, उधारी लिहून ठेवणारा आणि ती मागायला लाजणारा माजी मुकादम घ्या. त्याच्या गाडीवर पोलीसही येईल आणि चोरही. दोघांपैकी एकाचे बोलणे त्याला नीट ऐकू येणार नाही. आणि तेवढ्यावर एक संध्याकाळ निघेल. परीक्षक शोधत असतात ते हे.

अर्जानंतर पुष्कळदा तोंडी परीक्षा होते. ती आवाजी वाहिनीवर असते आणि प्रश्न नियमांचे असतात : तुमच्यावर बंदूक रोखली तर काय कराल? (जिवाची भीती दाखवायची, हिरोगिरी केली की फेल आरपी.) मित्राने फोनवर सांगितलेला पत्ता पात्राला ठाऊक असेल का? (नाही.) बेशुद्ध पडून इस्पितळात जागे झालात, तर मारणारा आठवेल का? (सर्व्हरगणिक वेगळे उत्तर, यावर वाद चालूच असतात.)

आत गेल्यावरची पहिली कसोटी बोलण्याची नसून कृती लिहिण्याची असते. ‘स्लॅश मी’ असे टंकून पुढे आपल्या पात्राची हालचाल लिहितात. मुकादम लिहितो : ‘गिलास पुढे करतो, हात थोडा थरथरतो.’ इथे थांबायचे. गिलास घ्यायचा, नाकारायचा की सांडायचा, हे समोरच्याने लिहायचे. ‘गिलास पुढे करतो आणि फौजदाराच्या वर्दीवर चहा सांडतो’ असे एका दमात लिहिले की तो पॉवरगेमिंगचा गुन्हा. वर्दी फौजदाराची आहे. ‘चहा सांडायच्या बेतात आहे’ इथपर्यंत त्याचा अधिकार. पुढे फौजदाराला हवे असेल तर चहा सांडेल. साऱ्या नियमावल्यांचा गाभा एवढाच आहे : आपल्या पात्रापुरते आपण बोलायचे, दुसऱ्याच्या पात्रावर घडायचे ते त्याच्या संमतीने.

पूर्वरूपे : वाटून दिलेल्या भूमिका, लिहिलेली संहिता नाही आणि साऱ्या गावाने मान्य केलेली कल्पित घटना, ही सामग्री संगणकाआधीची आहे. दशावतारात कथानक ठरलेले असते, संवाद नट जागेवर रचतो. बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात येऊन दम भरतो, घरातली माणसे ओळखूनही क्षणभर बिचकल्यासारखे करतात. दोन्ही बाजूंनी सोंग वठते (पहा : बहुरूपी). एकनाथांच्या (सोळावे शतक) सोंगी भारुडांत गायक त्या त्या पात्राच्या तोंडून बोलतो.

सोलापूरचे उदाहरण यांहून ठळक आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन. त्यांच्यावर मन जडलेल्या कुंभारकन्येने लग्नाची इच्छा व्यक्त केली. त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. संक्रांतीच्या यात्रेत हा विवाह दरवर्षी नव्याने लागतो. मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, मिरवणुकीने निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी त्या पेलतात. एकाने काठी कमरेच्या पट्ट्यातल्या आधारावर उभी धरायची, बाकीच्यांनी भोवती राहून तोल सांभाळायचा. याचा सराव आधी कित्येक दिवस रात्रीच्या वेळी रस्त्यांवर चालतो. सोलापूरकराला यात्रा जवळ आल्याची वर्दी दिनदर्शिकेआधी या सरावातून मिळते. पहिल्या दिवशी शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. त्याला यण्णीमज्जन म्हणतात. शब्द कानडी, यण्णी म्हणजे तेल. दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा, त्यानंतर होम मैदानावर होमविधी. होमाच्या वेळी बाजरीच्या पेंढीला शालू व दागिने घालून कुंभारकन्या सजवतात आणि ती अग्नीला अर्पण होते. मग दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराच्या वागण्यावरून येत्या वर्षाची भाकणूक सांगितली जाते.

भूमिका इथे घराण्यांकडे आहेत. पूजेचा मान हिरेहब्बूंकडे, वधूपक्षाचा कुंभारांकडे, शिवाय देशमुख, शेटे इत्यादी मानकरी. नंदीध्वजांचा मान निरनिराळ्या समाजांत वाटलेला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यायचे ते अक्षतांचे स्थळ. सिद्धेश्वर मंदिराजवळच्या त्या कट्ट्याचे नाव संमती कट्टा. तिथे प्रथम संमतीचे वाचन होते आणि मगच अक्षता पडतात. वर्षानुवर्षे तोच विवाह, तीच दोन्हीकडची मंडळी, तरी संमती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. गेल्या वर्षीची चालत नाही. बाकी सोलापूरकरांची भूमिका वऱ्हाडाची. तिला अर्ज लागत नाही. मूठभर तांदूळ आणि पांढरा कपडा पुरतो.

या सोहळ्याला खेळ म्हणणे अर्थातच अनुचित होईल, आणि तसा दावा येथे नाही. भाविकांच्या लेखी लग्न खरे असते. तुलना फक्त भूमिका कशी मिळते आणि कशी पेलली जाते एवढ्यापुरती. तरीही ऑनलाइन खेळावरच्या नोंदीत ती नको, असे म्हणणारे निघतील.

भाषा : भारतीय सर्व्हरांचा व्यवहार मुख्यतः हिंदीत, नियमावल्या इंग्रजीत. मराठी खेळाडू एकमेकांत मराठी बोलतात ते बहुधा ओओसी. पात्र हिंदी बोलते आणि माणूस मराठी. सोलापुरात घरी तेलुगू, गल्लीत कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी असा चौरंगी सराव असलेल्या मुलाला ही अदलाबदल फारशी जड जात नाही. अडचण दुसरीच होते : भांडण रंगात आले की हिंदी फौजदाराच्या तोंडून ‘काय करलालास बे’ निसटते आणि पात्र तिथेच मोडते.

साधने : फाइव्हएमसाठी मूळ खेळाची प्रत आणि बऱ्यापैकी संगणक लागतो, तो मोबाइलवर चालत नाही. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला तरी संगणक झाला नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी हे खेळ खेळणाऱ्यांपेक्षा त्यांचे थेट प्रक्षेपण पाहणारे जास्त भेटतात. पात्रांची नावे, टोळ्यांची भांडणे त्यांना तोंडपाठ असतात. अर्ज मात्र केलेला नसतो. मजकुरी प्रकार साध्या फोनवरही चालतो.

वाद : १९९३ मध्ये लॅम्डामूत एका खेळाडूने इतरांची पात्रे आपल्या ताब्यात असल्याचे भासवून त्यांच्यावर जाहीर दिवाणखान्यात लैंगिक अत्याचाराचा मजकूर लिहिला. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये यावर लिहिले. अत्याचार फक्त शब्दांत झाला, तर तो झाला की नाही? यावर रहिवाशांनी दीर्घ चर्चा केली. एकमत झाले नाही. एका व्यवस्थापकाने स्वतःच्या अधिकारात ते पात्र काढून टाकले आणि त्यानंतर तिथे अर्ज व मतदानाची पद्धत आली. आजच्या नियमावल्यांत काही विषय सरसकट वर्ज्य असतात. मुलांचे वय, खेळण्यात जाणारे तास आणि पालकांची तक्रार हे प्रश्न सर्वच ऑनलाइन खेळांना सामायिक आहेत (पहा : संगणकीय खेळ).

अर्थव्यवहार : पुष्कळ सर्व्हर देणग्यांवर चालतात.

कायदा : ऑनलाइन खेळांविषयीच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ तिच्याबाहेर आहेत.