जावजी दादाजी आणि मराठी छापील अक्षराची घडण

छापील मराठी अक्षर आज इतकें सर्वत्र झालें आहे कीं, तें कोणीतरी हातानें घडविलें असेल ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कवीचें नांव पुस्तकावर असतें, चित्रकाराची सही चित्राच्या कोपऱ्यांत असते. परंतु ज्याच्या छिन्नीनें 'अ' ला त्याचें पोट आणि 'ह' ला त्याची शेपटी दिली, त्या कारागिराचें नांव पुस्तकाच्या कोणत्याहि पानावर सांपडत नाहीं. मराठी माणसाच्या डोळ्यांना जें वळण शुद्ध बाळबोध म्हणून वाटत आलें, तें मुख्यतः मुंबईंतील दोन माणसांच्या उद्योगाचें फळ आहे. त्यांपैकीं एक जावजी दादाजी चौधरी, व दुसरे राणूजी रावजी आरू.

छापखान्यापूर्वीं मराठी लेखनाला दोन वळणें होतीं. मालवण-वेंगुर्ल्याच्या पेढ्यांवरील वह्या, खोतांचे हिशेब आणि सरकारी कागद मोडींत लिहिले जात. देवघरांतील पोथी मात्र बाळबोधींत. मोडी धांवती, हात न उचलतां लिहिण्याची. बाळबोध थांबत थांबत, एकेक अक्षर वेगळें बसवून लिहिण्याची. पोथी लिहिणारा बोरूचें टोंक तिरपें छाटून घेई. हा छाट इंग्रजी लेखणीच्या छाटाहून उलट दिशेचा असतो, आणि देवनागरींतील जाड-बारीक रेघांचें सारें रहस्य त्या एका तिरप्या छाटांत आहे. छापखान्यानें पोथीचें वळण उचललें व वहीचें टाकलें. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं मोडीचेहि खिळे पाडले होते, तरी ते रुजले नाहींत. अक्षराला अक्षर गुंतलेल्या लिपीचे सुटे तुकडे करणें ही मुळांतच अवघड गोष्ट. मराठी मुद्रणाच्या यशाचें कौतुक करतांना मोडी मागें पडली, हा तोटाहि त्याच जमाखर्चांत मांडला पाहिजे.

पहिले प्रयत्न जुने आहेत. नाना फडणिसांच्या काळांत पुण्याच्या एका तांबटानें तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरण्याची कला हस्तगत केली, व नानांच्या मृत्यूनंतर १८०५ सालीं मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाखालीं भगवद्गीता छापली गेली. तिचा पुढें वंश वाढला नाहीं. खरा ओघ सुरू झाला तो मुंबईंतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यापासून; तेथें १८१७ पासून मराठी छपाई होऊं लागली. आरंभींचे खिळे कलकत्त्याकडचे, आकारानें थोराड. टॉमस ग्रॅहॅम या गृहस्थानें ते लहान व रेखीव करण्याचे श्रम घेतले. याच छापखान्यांत काम शिकून गणपत कृष्णाजी यांनीं प्रथम १८३१ सालीं शिळाप्रेसवर पंचांग छापलें, व पुढें स्वतःचे खिळे ओतले. छापील शाईंत चरबी असते म्हणून सोंवळ्यांतील मंडळी पुस्तकाला शिवत नसत. तेव्हां गणपत कृष्णाजींनीं शाईंत तूप घातलें, असें सांगतात. मूळचे गोव्याकडचे गोविंद नारायण माडगांवकर यांनीं आपल्या 'मुंबईचें वर्णन' या १८६३ च्या ग्रंथांत या पुरुषाची आठवण आदरानें नोंदविली आहे.

जावजी दादाजींचा जन्म मुंबईंत १८३९ सालचा. घराणें मूळचें ठाणें जिल्ह्यांतलें, परिस्थिति अत्यंत गरिबीची. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास मिशन छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर त्यांना काम मिळालें. तें काम खिळे घासण्याचें. ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडांना धातूचा जो फाटा राहतो तो घासून काढणें, एवढेंच. शाळेंत ज्या वयांत मुलगा अक्षर वाचावयास शिकतो, त्या वयांत हा मुलगा अक्षर बोटांनीं चांचपून ओळखावयास शिकला, आणि तेंहि उलटें! ग्रॅहॅमची दृष्टि व शिस्त त्यांना येथेंच लाभली. त्यानंतर टाइम्स, इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांतून नोकरी करीत करीत १८६४ मध्यें, म्हणजे पंचविसाव्या वर्षीं, त्यांनीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. राणूजी आरू हे मिशन छापखान्याच्याच तालमींत तयार झालेले. ते येऊन मिळाले, आणि एकाचा व्यवहार व दुसऱ्याचा हात यांची जोड जमली. १८६९ सालीं छापखाना सुरू झाला. त्याचें नांव निर्णयसागर.

राणूजींचें काम नेमकें काय होतें, हें समजल्याखेरीज त्याचें मोल कळणार नाहीं. पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें. तेंहि उठावाचें, म्हणजे अक्षर ठेवून बाकीचें पोलाद काढून टाकावयाचें. 'ठ' चें पोट किंवा 'क' च्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्या आंतून कोरतां येत नाहींत. त्यासाठीं त्या पोकळीचाच एक निराळा ठसा करून तो आधीं ठोकावा लागतो. मधून मधून टोंक दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर उठवून पहावयाचें, पुन्हां कानस चालवावयाची. अक्षर मनासारखें झालें कीं पोलादाला पाणी द्यावयाचें, आणि तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकावयाचा. तांब्यांत जी खोलगट छाप पडते ती मातृका. तिच्यावर सांचा बसवून शिसें, अँटिमनी व कथील यांचा रस ओतला म्हणजे खिळा निघतो. एका मातृकेंतून खिळे हजारों निघतात, परंतु मूळ ठसा एकच. त्यांत केसाएवढी चूक राहिली तर ती हजारों वेळां छापली जाते.

इंग्रजीचें काम मोठीं व लहान अक्षरें, आंकडे आणि चिन्हें मिळून थोडक्यांत भागतें. देवनागरीची गोष्ट निराळी. व्यंजनें, त्यांचीं अर्धीं रूपें, 'क्ष, ज्ञ, द्ध, ह्म' यांसारखीं जोडाक्षरें, डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायांशीं उकार. अशी ही तीन मजल्यांची इमारत आहे. मात्रेसह अख्खें अक्षर एकाच खिळ्यावर घ्यावें तर खिळ्यांची संख्या शेंकड्यांनीं वाढते. मात्रा सुट्या करून वर बसवाव्या तर जुळाऱ्याला एका ओळींत तीन ओळी बसवाव्या लागतात, आणि छपाईच्या दाबाखालीं मात्रा सरकतात किंवा तुटतात. छापखान्याच्या बोलींत पहिल्या पद्धतीस अखंड व दुसरीस डिग्री असें म्हणत. शिवाय शिरोरेषा! ती प्रत्येक खिळ्यावर तुटक असते. शेजारच्या दोन खिळ्यांच्या रेषा एका उंचीवर आल्या नाहींत तर शब्द पायरीसारखा दिसूं लागतो. निर्णयसागराच्या पुस्तकांत ही रेषा जी सलग दिसते, ती ठशाच्या, सांच्याच्या आणि घासणाऱ्या पोराच्याहि अचूकपणाची साक्ष आहे.

या खिळ्यांनीं केलेलें कार्य मोठें आहे. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचें 'बालबोध' मासिक येथें छापलें जाऊं लागलें. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांनीं संपादिलेली संस्कृत 'काव्यमाला' निघाली. परब हें आडनांव वाचून दक्षिण कोंकणांतील वाचकाला आपलेपणा वाटल्यावांचून राहणार नाहीं. १८९० पासून वामन दाजी ओक यांच्या हातून जुन्या मराठी कवींचा 'काव्यसंग्रह' बाहेर येऊं लागला. काशीच्या पंडितापासून युरोपांतील प्राच्यविद्येच्या अभ्यासकापर्यंत निर्णयसागराची प्रत प्रमाण मानली गेली. कोंकणच्या किनाऱ्यावर मात्र हें नांव पोंचलें तें पंचांगानें. आगबोटींच्या त्या काळांत मुंबईचा माल मालवण, वेंगुर्लें या बंदरांवर उतरे, त्यांत पंचांगेंहि असत. आणि ज्या घरांत दुसरें छापील पुस्तक नव्हतें, त्या घरांतहि एकादशी व ग्रहण पाहण्यासाठीं खुंटीला पंचांग टांगलेलें असे. अक्षर घरोघर नेण्याचें काम काव्यमालेहून या पंचांगानें अधिक केलें, असेंच म्हणावें लागेल. जावजी ५ एप्रिल १८९२ रोजीं निवर्तले. त्यांच्या मागें तुकाराम जावजी व पांडुरंग जावजी यांचीं नांवें मुखपृष्ठांवर येऊं लागलीं.

विसाव्या शतकांत यंत्रें आलीं आणि लिपीकडे तक्रार गेली. इंग्रजी यंत्राच्या कळा मोजक्या. देवनागरी त्यांत मावेना. लोकमान्य टिळकांनीं खिळ्यांची संख्या कमी करण्याचा विचार केला. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरींत स्थानबद्ध होते; त्या वेळीं मालवण त्याच जिल्ह्यांत होतें, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं निराळा झाला. रत्नागिरींतून त्यांनीं 'अि, अी, अु' अशा लेखनाचा पुरस्कार केला, व कित्येकांनीं तें वापरलेंहि. हेतु स्तुत्य होता. परंतु यंत्राच्या सोयीसाठीं लिपीचे हातपाय छाटावे कीं लिपीच्या सोयीचें यंत्र करावें, या प्रश्नाचें उत्तर यंत्रानेंच पुढें बदललें. संगणकाला पेटी, घरें आणि तीन मजले यांचें बंधन नाहीं. जाहिरातीच्या क्षेत्रांतून अध्यापनाकडे आलेले सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनीं संगणकासाठीं 'मंगल' हें वळण तयार केलें, आणि जीं जोडाक्षरें जुळाऱ्याला नकोशीं झालीं होतीं तीं पुन्हां सुखानें नांदूं लागलीं.

मुंबई वळणाचा एक विजय मात्र त्यापूर्वींच झाला होता. उत्तरेकडील ग्रंथांत 'अ', 'झ', 'ण' हीं अक्षरें निराळ्या आकाराचीं छापली जात. स्वातंत्र्यानंतर देवनागरीचें प्रमाण रूप ठरवितांना या तिन्ही अक्षरांचीं मुंबईकडचीं रूपें मान्य झालीं. 'ल' आणि 'श' यांचीं मराठी रूपें त्या वेळीं मागें राहिलीं. त्यांना महाराष्ट्र शासनानें २००९ सालच्या निर्णयानें मराठीपुरती पुन्हां जागा दिली.