जगज्जेता कोणाला म्हणायचं?

जुलै २०२५ मधली गोष्ट. नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक जिंकला. नातीचा लगेच फोन. "आजोबा, आपली दिव्या जगज्जेती झाली!"

मास्तरकीची खोड जात नाही. मी म्हटलं, "अगं, हा विश्वचषक. जगज्जेतेपद वेगळं, ते चीनच्या जू वेनजुनकडे आहे."

"पण क्रिकेटमध्ये विश्वचषक जिंकला की जगज्जेतेच म्हणतात ना?"

प्रश्न बिनतोड होता. फोन ठेवला आणि मला पंचवीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. त्याच्याबद्दल सांगतोच, पण आधी थोडा इतिहास.

बुद्धिबळातलं जगज्जेतेपद हे मुळात गादीसारखं. १८८६ मध्ये अमेरिकेत स्टाइनिट्झने झुकेरटोर्टला हरवलं, तेव्हापासून ही गादी अधिकृत मानतात. नियम साधा: गादीवरच्याला हरवा आणि बसा. पण कोणाशी खेळायचं, कोणत्या अटींवर, हे बरंचसं गादीवरचाच ठरवी. १९२७ मध्ये अलेखिनने कापाब्लांकाला हरवलं आणि पुढे त्याला परतीचा सामना कधीच मिळाला नाही. १९४६ मध्ये अलेखिन जगज्जेता असतानाच वारला. आता हरवायचं कोणाला? मग जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९४८ मध्ये पाच जणांची स्पर्धा घेतली. बॉटविनिक जिंकला आणि गादीचा कारभार फिडेकडे आला.

१९७५ मध्ये अटींवरून बिनसलं, फिशर खेळलाच नाही आणि कारपॉव्ह एकही डाव न खेळता जगज्जेता झाला. १९९३ मध्ये तर घरच फुटलं. कॅस्परॉव्ह आणि त्याचा आव्हानवीर शॉर्ट यांनी फिडेला बाजूला सारून लंडनमध्ये आपला सामना खेळला. फिडेने कॅस्परॉव्हचं पद काढून घेतलं आणि कारपॉव्ह-टिमन सामना लावला. गंमत म्हणजे या दोघांनाही त्याआधी शॉर्टनेच हरवलेलं! कारपॉव्ह जिंकला आणि जगात दोन जगज्जेते झाले.

आता त्या मुलाकडे येतो. डिसेंबर २००० मध्ये आनंदने तेहरानला शिरॉव्हला ३.५-०.५ असं हरवून फिडेचं जगज्जेतेपद मिळवलं. नाताळानंतरच्या परिपाठात मी ही बातमी अगदी छाती फुगवून सांगितली. मागच्या रांगेतून एक हात वर आला. "सर, पण गेल्या महिन्यात क्रॅमनिकने कॅस्परॉव्हला हरवलं. मग जगज्जेता कोण?"

मी म्हणालो, "खाली बस. आपल्या माणसाचं कौतुक करवत नाही का तुला?" सगळी शाळा हसली. तो बसला. त्यानंतर वर्षभरात त्याने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

मंडळी, मी इतिहास शिकवत होतो. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या कशा झाल्या, वारसा कोणाचा खरा, १७३१ च्या वारणेच्या तहाने काय मिटलं, हे दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. तोच प्रश्न एका पोराने बुद्धिबळाबद्दल विचारला, तर त्यात मला देशद्रोह दिसला!

पुढे २००६ मध्ये एलिस्टाला क्रॅमनिकने तोपालोव्हला हरवलं आणि गादी पुन्हा एक झाली. २००७ मध्ये आनंद मेक्सिकोला आठ जणांच्या स्पर्धेत जिंकून जगज्जेता झाला. तरी कुरकुर राहिलीच, की सामन्यात क्रॅमनिकला कुठे हरवलंय? २००८ मध्ये बॉनला आनंदने तेही केलं, ६.५-४.५. बाद फेरी, साखळी आणि सामना, तिन्ही रीतींनी हे पद मिळवणारा तो पहिला. पण मला वाटतं, शंकेला जागा उरली नाही ती २००८ नंतरच.

म्हणजे किताब नुसता जिंकून होत नाही. तो कोणी दिला, कोणत्या रीतीने दिला आणि बाकीच्यांनी तो मानला का, हेही लागतं. क्रिकेटने ठरवलं की चषक जिंकेल तो जगज्जेता. बुद्धिबळाने गादी आणि चषक वेगळे ठेवले. यात दिव्याचं मोल कमी होत नाही. त्या एका चषकाने तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला आणि आव्हानवीरांच्या स्पर्धेत जागाही.

नातीला मी रात्री पुन्हा फोन केला आणि हे सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुझा प्रश्न चांगला होता."

हे वाक्य मी पंचवीस वर्षं उशिरा म्हणालो, आणि ज्याला म्हणायला हवं होतं त्याला नाहीच. तो आता चाळिशीकडे आला असेल. कुठे असतो, ठाऊक नाही. चुकून हे वाचलंस तर बाळा, तुझं बरोबर होतं. त्या दिवशी जगज्जेते दोन होते.