पेट्रोलचा काटा

हल्लीच्या गाडीत किल्ली फिरवली की अजून किती किलोमीटर जाता येईल याचा आकडाच समोर येतो आणि आपण तो निमूटपणे मानतो. पण मंडळी, पेट्रोल सांगणारा काटा काही मोटारीबरोबर जन्माला आलेला नाही. अमेरिकेत 1908 साली फोर्डची मॉडेल टी आली, तिच्यात तो नव्हताच. टाकी पुढच्या सीटखाली. सीट उचलायची, झाकण काढायचं, काठी बुडवायची आणि ओल कुठपर्यंत आली ते बघायचं! जर्मनीच्या बीटल गाडीलाही 1961 पर्यंत काटा नव्हता. आपल्या जुन्या स्कूटरी आठवा. गचके खाल्ले की रिझर्व्ह लावायचा, तेही संपलं की स्कूटर आडवी करायची... हाच आपला काटा.

आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली. त्या काळी नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. त्यामुळे हाती असलेली गाडी घरीच उघडून, पुसून, पुन्हा जोडून चालवण्याची सवय लोकांना लागली. ती हौस नव्हती, गरज होती.

आमची पाली मुंबई-गोवा रस्त्यावर. इथून एक वाट लांज्याकडे जाते आणि दुसरी नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूरला. नोकरीत असताना मी एक जुनी मोटार घेतली होती. सौ.ला तपासणीसाठी दर महिन्याला कोल्हापूरला न्यावं लागे. अशात काटा कधी अर्ध्यावर, तर कधी एकदम तळाला. आजारी माणूस मागे बसलेलं, घाटात धुकं, आणि टाकीत काय आहे ते देव जाणे! मग एका रविवारी मी ते प्रकरण समजून घ्यायला बसलो.

मी इतिहासाचा मास्तर, विज्ञानाचा नव्हे. पण गोष्ट सोपी निघाली. काटा पेट्रोल पाहतच नाही. टाकीत एका दांडीला तरंगक असतो. पेट्रोल कमी झालं की तो खाली येतो, दांडी एका तारेच्या वेटोळ्यावर सरकते, विजेला होणारा अडथळा बदलतो आणि तेवढा काटा हलतो. म्हणजे काट्याची साक्ष ऐकीव! बखर वाचावी तशी ती वाचायची आणि मूळ कागदाशी ताडून पाहायची.

ताडायची रीत अशी. किल्ली बंद ठेवून टाकीवरची वायर सोडवायची आणि गाडीच्या उघड्या पत्र्याला नीट जोडायची. मग क्षणभर किल्ली फिरवायची. काटा एका टोकाला जातो. किल्ली बंद करून वायर मोकळी ठेवली आणि पुन्हा फिरवली, तर दुसऱ्या टोकाला. एवढं झालं की पुढचा काटा आणि वायर ठीक, दोष टाकीकडे. जोडणी आधी आणि किल्ली नंतर, कारण टाकीजवळ ठिणगी नको. बिडी-काडी तर लांबच. तरंगकात पेट्रोल शिरलं असेल तर तो बदलावा, त्याला डाख द्यायला जाऊ नये. आतली वाफ पेट घेते.

माझ्या गाडीत यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. टाकीपासून पत्र्याला जाणारी अर्थची वायर गंजली होती. कोकणातले चार महिने पाऊस, दुसरं काय! पॉलिशपेपरने घासली, स्क्रू आवळला. खर्च शून्य. पुढच्या खेपेला घाट चढताना सौ. म्हणाली, "आज तुम्ही सारखे खाली बघत नाही आहात." तिचंही लक्ष काट्यावरच असायचं, हे मला तेव्हा कळलं.

आता पुष्कळ गाड्यांत तरंगक पंपाबरोबर टाकीच्या आत असतो आणि आकडा कॉम्प्युटर काढतो. घरी उघडण्यासारखं फार राहिलेलं नाही. त्याबद्दल तक्रार नाही, गाड्या पुष्कळ सुधारल्या. पण टाकी भरली की तारीख, लिटर आणि किलोमीटर वहीत मांडायची सवय मी सोडलेली नाही. नातू हसतो. परवा मात्र त्यानेच वही मागून घेतली आणि भागाकार करून सांगितलं, "आजोबा, ॲव्हरेज उतरलंय."