व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर?

घरी व्हॉल्व्हचा रेडिओ असलेल्यांना आठवत असेल, बटण फिरवल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागायचा. काचेच्या नळीतली तार आधी तापायची. त्या उबेवर जीव जडलेले रसिक आजही गाणी ऐकायला व्हॉल्व्हचाच अ‍ॅम्प्लिफायर शोधतात. इंग्लंडमध्ये हा वाद एकदा थेट कानांपुढेच ठेवला गेला. त्याची ही हकिगत.

पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीचा १९५३चा 'क्वाड टू' व्हॉल्व्हचा, १५ वॅटचा. १९६७मध्ये याच कंपनीने ट्रान्झिस्टरचा '३०३' काढला. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरांविषयीची तक्रार खोटी नव्हती. ध्वनीची लहर अर्धी एकाने पेलायची, अर्धी दुसऱ्याने. सांधा नीट जुळला नाही, तर हळुवार स्वरच खरखरीत लागत. पुढच्या रचनांनी हा दोष बराच घालवला.

१९७८मध्ये जेम्स मॉयर यांनी 'क्वाड टू', '३०३' आणि १९७५चा '४०५' यांची चाचणी घेतली. कोणता वाजतो आहे, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची उत्तरं नाणेफेकीहून वेगळी निघाली नाहीत! अर्थात, प्रत्येकाच्या ताकदीच्या आतच आवाज ठेवला होता. त्यापलीकडे गेलं की व्हॉल्व्हचा आवाज हळूहळू दबतो, ट्रान्झिस्टरचा एकदम फाटतो.

व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात, वीज खातात. त्यांचा तांबूस उजेड मलाही आवडतो, पण आपल्या उन्हाळ्यात, लहान खोलीत मी ट्रान्झिस्टरच घेईन आणि वाचलेले पैसे स्पीकरवर घालीन. तिथला फरक डोळे मिटूनही कळतो.